पाकीट क्रमांक अठ्ठावन्न

एफीची फाइल उघडली की आधी रंग दिसतात,
मग माणसं.
चर्चच्या तळघरात हीटर खोकतोय, खिडकीपर्यंत बर्फ,
आणि फाइलचं नाव: सभासद, शेवटची, खरोखर शेवटची, चार.

नव्या डेटाबेसला रंग कळत नाहीत.
त्याला हवी स्वल्पविरामांनी तोडलेली सपाट ओळ,
एका ओळीत एकच जीव,
आधी वर्ष, मग महिना, मग दिवस.

एफीनं मात्र संसार एकेका चौकटीत बसवले.
सेल्बी व ऑड्री हिस्कॉक.
ते मला फोडावे लागतात.
कुठे तोडायचं ते सांगायचं, बटण दाबायचं;
दोघं दोन चौकटींत, आणि मधला ‘व’
कुठे गेला ते विचारायचं नाही.
आडनाव ऑड्रीकडे राहतं, सेल्बी बिनआडनावाचा.
मी ते तिच्याकडून उचलून त्याला लावते.
लग्नात उलट झालं होतं.

पोस्टाच्या कोडातलं शून्य तिनं इंग्रजी ओ म्हणून टंकलंय,
सगळ्या दोनशे चौदा ओळींत, एकदाही न चुकता.
कोणाच्या जन्मतारखेत नुसतं:
कॅप्लिन मासे किनाऱ्याला लागले तो आठवडा.
मी जून लिहिते. पंधरा.
देवाला खरी तारीख ठाऊक आहे,
आणि त्याला ही फाइल पाठवायची नाहीये.

रंगांसाठी क्लॅरेनव्हिलच्या वृद्धाश्रमात फोन लावला.
पिवळा?
ज्यांच्याकडे सूप पोचवायचं ते, एफी म्हणाली.
हिरवा?
ज्यांना सूप लागतं पण घेणार नाहीत.
दारात ठेवायचं, बेल वाजवायची, आणि पळायचं.
मी नवा रकाना केला, ‘टीप’,
आणि हिरवा अक्षरांत लिहिला: पळायचं.

आणि निळा? निळी ओळ एकच आहे, एफी.
फोनमध्ये बराच वेळ कुणाचा तरी टीव्ही चालू होता.
ते व्हायोलेटला विचार, म्हणाली.
मग: नको. नको विचारूस.

ओळ एकशे एकतीस. गॉर्डन कीपिंग.
जन्म नोव्हेंबर एकसष्ट. पत्ता आईचाच.
त्र्याऐंशीच्या फेब्रुवारीत बोट गेली,
हे फाइलीत नाही. हे गावात कुणालाही सांगावं लागत नाही.
मृत्यूची तारीख कोरी.
स्थितीचा रकानाही कोरा,
आणि कोरा चालत नाही, वर लाल चांदणी आहे.
तीनांतलं एक निवडा:
सक्रिय, स्थलांतरित, मृत.

बोट ‘मृत’वर नेलं. चहा करून आले.
‘स्थलांतरित’वर नेलं, आणि स्वतःचीच लाज वाटली.

शेवटी दानाच्या पाकिटांचा तक्ता उघडला,
काम टाळायला, खरं सांगते.
सत्तावन्न, व्हायोलेट कीपिंग: दहा डॉलर.
अठ्ठावन्न, गॉर्डन कीपिंग: दोन डॉलर.
गेल्या रविवारी. त्याच्या आधीच्या रविवारी.
एफी वर्षाच्या सुरुवातीला दोन्ही गठ्ठे
न बोलता तिच्या हातात ठेवायची,
आणि दोन वर्षं झाली, मीही तेच करते,
क्रमांकाखालचं नाव न वाचता.

समितीचा ठराव माझ्यासमोरच पडला होता:
बारा महिन्यांत ज्याचं पाकीट आलं, तो सभासद सक्रिय.
ठराव क्लॅरेन्स टफनं मांडला,
सगळ्यांनी हात वर केले, व्हायोलेटनंसुद्धा.
नियम मी केलेला नाही.

सक्रिय.

दोनशे सत्त्याऐंशी ओळी आत गेल्या. त्रुटी शून्य.
लगेच यंत्रानं आपणहून विचारलं:
गॉर्डन कीपिंग यांना नोव्हेंबरमध्ये पासष्ट पूर्ण,
ज्येष्ठांच्या जेवणाच्या यादीत घालू का?
खूण आधीच केलेली होती.
मी ती काढली नाही.
ताट एक जास्त लागेल.
सेल्बी तसाही दोनदा वाढून घेतो.